हॉलमधला शेवरा

आबा, उद्या पोळा, आज खांदेमळण आहे, आणि तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच आपल्या घरात बैल आहे. दावं नाही, गव्हाण नाही, कडब्याची पेंढी नाही. हॉलमध्ये सोफ्यापुढे चारी पाय पसरून पडलाय. पांढरं अंग आणि त्यावर काळी वेडीवाकडी ठिगळं, अगदी आपल्या शेवऱ्यासारखी. येणारा माणूस आधी त्याच्याकडे बघतो आणि मग आमच्याकडे बघतो. तुम्ही आला असता तर दारातच थांबला असता, डोळे बारीक केले असते. कसा आला ते नीट सांगते, कारण त्यात तुमचा हात आहे.

आधी घरातलं सांगते. तुम्ही गेलात तेव्हा माझा मुलगा रांगत होता. तो आता पुण्याची नोकरी घरी बसून करतो, कॉम्प्युटरवर. परभणीत जिंतूर रोडला आम्ही लहानसं घर बांधलं आणि मुलगा-सून पुण्याहून इकडे राहायला आले. माय माझ्याजवळच असते, एकुलत्या एका लेकीची आई जाणार तरी कुठे! तुमचे जावई आहेत तसेच आहेत, पेपरात तोंड घालून बसलेले. सून मात्र पुण्याचीच. लोकांची घरं आतून सजवून द्यायचं शिक्षण तिनं घेतलंय. तिथली चांगली नोकरी सोडून आली आणि आल्या आल्या स्पष्ट सांगितलं, वर्षभर बघू, इथे काम मिळालं तर राहू, नाही तर परत जाऊ. आता परभणीत लोक घराला रंग देतात, पडदे लावतात, पण त्यासाठी कोणी माणूस नेमावा हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. म्हणून तिनं ठरवलं की आपलाच हॉल असा करायचा की बघणाऱ्यानं विचारलंच पाहिजे. मला हॉलचं काही पडलेलं नव्हतं, आबा. पोरगी राहावी एवढंच हवं होतं. ती मला फार आवडते. मोठ्यानं हसणारं माणूस या घरात बऱ्याच वर्षांनी आलं होतं.

आषाढातल्या एका दुपारी मी भाकरी थापत होते. ती ओट्याला टेकून उभी राहिली, मोबाइल पुढे धरला आणि म्हणाली, "आई, एक विचारू? रागावू नका. मला हॉलमध्ये काऊहाइड रग टाकायचाय. म्हणजे बैलाच्या कातड्याचा गालिचा, केसांसकट, खराखुरा. मधोमध तेवढाच एक ठेवायचा, बाकी सगळं साधं. पण तुम्हाला चालेल का? आणि आजींना?" पिठाचे हात तसेच धरून मी त्या फोटोकडे बघत राहिले. ज्या घरात पोळ्याला बैलाच्या आधी कोणी घास तोंडात घातला नाही, त्या घरातली मी. आणि त्याच घरात शेवरा म्हातारा होऊन गेला तेव्हा तुम्ही त्याच्या कातड्याचा तुकडा कमावून आणलात आणि जुवाला गुंडाळलात, नव्या बैलाचा खांदा सोलू नये म्हणून. "जुन्यानं नव्याचा खांदा सांभाळाया पायजे," असं तुम्ही म्हणाला होतात. दोन्ही गोष्टी एकदम आठवल्या. मी म्हणाले, "बघू." आपल्याकडे बघू म्हणजे बघू. पुण्यात त्याचा अर्थ 'नाही' असा होतो, हे मला तिचा चेहरा उतरल्यावर कळलं. मग घाईघाईनं म्हणाले, "अगं, मागव तर खरा. आल्यावर मी हात लावून बघते."

आठवड्यानं कुरिअर आलं. जमिनीवर पसरल्याबरोबर मला कसंतरी वाटलं. वाईट नाही, खोटं वाटलं. खाली बसून मानेकडून शेपटीकडे हात फिरवला, मग उलटा फिरवला, दोन्हीकडून सारखाच. केसांचा एक भोवरा सापडेना. डाव्या कुशीवरचा ठिपका उजव्या कुशीवर जसाच्या तसा, आरशात बघितल्यासारखा. एक केस उपटून गॅसवर धरला तर केस जळाल्याचा वास नाही, प्लॅस्टिकची बादली जळाल्याचा वास, आणि टोकाला थेंब धरला. "हे जनावर कारखान्यात जन्मलंय गं," मी म्हणाले. ती इतकी हसली की माय देवघरातून विचारायला लागली, काय झालं म्हणून. मग सून माझ्याजवळ जमिनीवरच बसली आणि म्हणाली, "पण तुम्हाला कसं कळलं?" मी तिला तुमच्याबद्दल सांगायला लागले आणि त्या दिवशी भाकरी राहूनच गेल्या, शेवटी सगळ्यांनी पोहे खाल्ले.

काय काय सांगितलं म्हणून काय विचारता! आपल्या झरी गावाच्या आसपास कुणालाही बैल घ्यायचा असला की तो आधी आपल्या ओसरीवर येऊन बसायचा, आबाला बाजारात चला म्हणायला. आणि तुम्ही मला बरोबर न्यायचात. लोक हसायचे, पोरीला घेऊन बैल घ्यायला चाललाय. तुम्ही म्हणायचात, "बैल घ्यायला डोळे लागतेत, मिशा लागत न्हाईत." वाटेत बोरीला बैलगाडी सोडून चहा, मला बशीत ओतून, आणि मग बाजार. अजून डोळ्यांपुढे आहे. तुम्ही आधी लांब उभे राहता. बैलाच्या पुढून जात नाही, मागून वळसा घालता. मग उलट्या हातानं केसाविरुद्ध पाठ चाचपता, कातडी चिमटीत धरून सोडता, भोवरे बघता, वशिंडाला हात लावता आणि दोन पावलं चालवायला सांगता. हे बालंक्या, सगळं अंग पांढरं. हे वानेरा, तोंडाची बाजू काळी. आणि पांढऱ्यावर काळी ठिगळं असली की शेवरा. सगळे आपल्या देवणी जातीचेच, एका घरातल्या भावांसारखे.

तिथेच मी तुमची बोलणी खाल्ली. दहा-अकरा वर्षांची असेन. एक शेवरा दिसला आणि मी सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडले, "आबा, ह्योच घ्या, किती छान हाय!" बैलवाला गालात हसला आणि तुमचा चेहरा काळाठिक्कर पडला. मला बाजूला नेऊन म्हणालात, "पोरी, मनात भरलं की त्वांड शिवायचं. त्वांड उघडं ठिवून बाजारात येत न्हाईत." मग परत गेलात आणि त्या बैलाला अशी काही नावं ठेवायला लागलात की मला रडू फुटलं. खूर फाकलेलं हाय, वशिंड बसलंय, डोळा आळशी हाय, ह्याला काय दारात शोभंला बांधायचं का. बैलवालाही चिडल्यासारखं करत होता. शेवटी डोक्याचा रुमाल सोडून दोघांनी त्याखाली हात घातले, बोटं धरून-सोडून गुपचूप भाव ठरवला, तोंडानं मात्र दोघं अजून भांडतच होतात. रुमाल उचलला तेव्हा शेवरा आपला झालेला होता. बाजाराच्या बाहेर ती बाभळ होती बघा, तिच्याखाली थांबलात. त्याच्या वशिंडावर हात ठेवून म्हणालात, "काय रूप हाय रे लेका. काय पाय हायत. राजा हायस, राजा." आणि घर येईपर्यंत त्याचं कौतुक थांबलंच नाही. बाजारात नावं ठेवायची आणि बाभळीखाली गोड बोलायचं, हा तुमचा कायदाच होता.

एक गोष्ट मात्र मी सुनेला सांगितली नाही. मला बघायला पाहुणे आले होते तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन दाराआड उभी होते, आणि तुम्ही त्यांना सांगत होता, "पोरगी तापट हाय. भाकरी जाड थापती. अन् बोलायला लागली की थांबत न्हाई. बगा बाबा, इचार करा." पाहुणे हसले, लग्न ठरलं, सगळं छान झालं. पण ते वाक्य माझ्या काळजात घर करून बसलं. बैलासाठी बाभळीखाली थांबणारा माझा बाप माझ्यासाठी कधी थांबला नाही, असं मला वाटायचं. लग्नानंतर तीन वर्षांत तुम्ही गेलात, मग विचारायची सोयच राहिली नाही.

तर पुढचं ऐका. खोटा गालिचा परत पाठवला आणि सून म्हणाली, आता तुम्ही बरोबर असल्याशिवाय घ्यायचा नाही. आम्ही दोघी गाडी करून संभाजीनगरला गेलो. मोठं दुकान, आत गार हवा, आणि एका भिंतीला कातडी टांगलेली. दुकानातला माणूस तिशी-पस्तिशीचा, बोलायला गोड. पहिली सगळी परदेशातली होती. मोठी, जाड, चकचकीत, पण खांद्याजवळ सपाट. मी सुनेच्या कानात म्हणाले, "ह्यांना वशिंड नाही. बाहेरची जनावरं आहेत." तिला भारी मजा वाटत होती. आणि मग त्या माणसानं खालच्या ढिगातून एक ओढून काढलं. आबा, तो शेवरा होता. वशिंडाच्या जागी कातडं किंचित सैल, सुरकुतलेलं, बाजूला भोवरा. उजव्या कुशीवर डागणीची जुनी खूण, कुणीतरी पोटदुखीवर इलाज म्हणून डाग दिला असणार. आणि मानेवर, जिथे जू बसतं तिथे, तळहाताएवढं टक्कल. माझा हात तिथेच थांबला. तरणा मेला असता तर एवढं टक्कल पडलंच नसतं. ह्यानं जन्मभर ओढलं होतं आणि म्हातारा होऊन आपल्या मरणानं गेला होता. दुकानदारानंही तेच सांगितलं, उदगीरकडच्या एका शेतकऱ्याचा बैल, पण त्यानं सांगायच्या आधीच मला ठाऊक झालं होतं.

"हा कसा आहे, आई?" सुनेनं विचारलं, डोळे लकाकत होते तिचे. आणि मी तोंड शिवलं. शिवलं म्हणजे काय, उलट्या बाजूनं उघडलं. "हा? अगं बाई, ह्याला तर टक्कल पडलंय. कुशीवर डाग, जनावर दुखणाईत असणार. रंग बघ, अर्धवट धुतल्यासारखा. वास बघ. असलं भिकार कातडं आमच्या गावात कोणी उंबऱ्यावर पाय पुसायला घेणार नाही." बोलता बोलता मला असं काही भरून आलं की काय सांगू. तुमचाच आवाज माझ्या घशातून येत होता. सून हळूच म्हणाली, "नको असेल तर राहू दे." मला वाटलं, वा, पोरगी काय तयार आहे, पाठ फिरवायची वेळ बरोबर ओळखली! मीही ठसक्यात म्हणाले, "राहू दे तर राहू दे!" आणि दोघी बाहेर पडलो. मला खात्री होती की गाडीपर्यंत पोचायच्या आत तो मागून हाक मारणार. त्यानं मारली नाही. तरीही मी गाडीत खुशीत बसले, म्हटलं फोन करेल, असे लोक एक दिवस ताणतातच. सून खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, दमली असेल.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही, तिसऱ्या दिवशी नाही. सूनही गप्प. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगा माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "आई, तुला ते घरात नको होतं तर सरळ सांगायचं. ती काही हट्ट करत नव्हती. दुकानात परक्या माणसापुढे भिकार काय, उंबऱ्यावर पुसायला काय. तिनं पुण्याच्या जुन्या साहेबांना फोन केलाय, परत येऊ का म्हणून." मी म्हणाले, "अरे, पण मला तो आवडला होता म्हणून मी नावं ठेवली!" तो म्हणाला, "म्हणजे काय?" माझ्याच पोटच्या पोराला कळेना, तर त्या पुण्याच्या पोरीला कुठून कळणार होतं, सांगा. तुमचा कायदा बैलवाल्यापर्यंत पोचला होता, घरात मी कुणाला शिकवलाच नव्हता. बाजाराची गोष्ट सांगितली होती, पण मीही तसंच करीन हे सांगायला विसरले होते, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असंच मला वाटलं नव्हतं.

मी तशीच तिच्या खोलीत गेले. ती बॅगेत कपडे भरत नव्हती, तेवढं बरं होतं, पण कपाट उघडून उभी होती. मी पलंगावर बसले आणि सगळं पुन्हा नीट सांगितलं, तोंड शिवणं, पाठ फिरवणं, बाभळ, सगळं. आधी तिनं विश्वास ठेवला नाही. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हाला तो खरंच आवडला होता?" मी म्हणाले, "लय." "पण तुम्ही त्याला टकलू म्हणालात!" "अगं, त्या टकलावरच तर जीव जडला माझा." ती खाली बसली आणि हसायला लागली, मग हसता हसता रडायला लागली, आणि पदर माझाच ओला केला. मला म्हणाली, "आई, मला वाटलं तुम्हाला मीच नको आहे, गालिचा नुसतं निमित्त." मी तिला जवळ ओढलं आणि म्हणाले, तू मला माझ्या लेकरापेक्षा जास्त आवडतेस, त्याला सांगू नकोस. बाजार नव्हता ना, मग कशाला शिवायचं तोंड. जरा सावरल्यावर तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "मग मी केलेल्या भाजीला तुम्ही नावं ठेवता, तेही कौतुकच असतं का?" मी म्हणाले, "नाही गं, तिच्यात खरंच मीठ कमी असतं."

आता धास्ती एकच, की तो गालिचा विकला गेला असेल. सकाळीच परत निघालो. दुकानात शिरलो तर तो माणूस आम्हाला बघून उठलाच. ढिगाच्या अगदी खालून, कागदात गुंडाळून ठेवलेला शेवरा त्यानं बाहेर काढला. म्हणाला, "मावशी, मी किनवटकडचा. बाप बैलाचा दलाल व्हता. तुमी त्याला इतकी नावं ठिवली, तवाच मला मालूम झालं की गिऱ्हाईक पक्कं हाय. कुणाला दावला बी न्हाई." मी म्हणाले, "मग मागून हाक का मारली नाहीस रे?" तर म्हणतो, "हाक मारली असती तर माझा भाव पडला असता की." आणि काय सांगू आबा, त्यानं हात पुढे केला. त्या गार हवेच्या दुकानात, आरशांच्या मधोमध, मी माझा पदर त्याच्या हातावर टाकला. तोंडानं आम्ही दोघं भांडत होतो, मी टकलाला नावं ठेवतेय, तो वशिंड दाखवतोय, आणि पदराखाली बोटं आपलं काम करत होती. इतक्या वर्षांनी, आणि एक बोट चुकलं नाही. सून वाकून वाकून बघत होती. काय ठरलं ते मी तिला अजून सांगितलेलं नाही, तेवढं तरी माझ्याजवळ राहू दे. बाहेर आलो. बाभळ नव्हती, एक विजेचा खांब होता. त्याच्याखाली गाडीची डिकी उघडून मी गालिच्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काय रूप आहे रे लेका." मागून सून म्हणाली, "राजा आहेस, राजा." येणारे-जाणारे बघत होते, बघेनात का!

राहिली होती माय. ती तेव्हा चारठाण्याला तिच्या भाचीकडे गेली होती. परत आली तेव्हा हॉल सजून तयार, आणि आम्ही सगळे कोर्टात निकाल ऐकायला उभे राहावं तसे भिंतीला चिकटून उभे. तुमच्या जावयांनी पेपरसुद्धा खाली ठेवला होता. मायला आता नीट दिसत नाही. ती नेहमीसारखी सोफ्याकडे निघाली आणि तिचा अनवाणी पाय गालिच्यावर पडला. थांबली. "ह्ये काय अंथरलंय?" ती हात टेकत खाली बसली. केसाविरुद्ध हात फिरवला, भोवऱ्यापाशी बोट गोल फिरवलं, वशिंडाची जागा चाचपली, आणि मग मानेवर गेली. टकलावर तिचा हात थांबला तो तसाच राहिला. सून माझा दंड इतका घट्ट धरून उभी होती की नखं रुतली. माय म्हणाली, "लय ओढलंय गं ह्यानं. आता पसरू द्या बाबाला." आणि मग मान वर करून, सगळ्यांना मिळून, "चपला घालून कोणी चढायचं न्हाई. अन् ह्याच्यावर चहा सांडला तर बगा." सुनेनं तिला मिठीच मारली. माय म्हणाली, "आगं सोड, हाडं मोडायलीस माझी."

नंतरचं सगळं भराभर झालं. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाई मायचं औषध द्यायला आल्या आणि गालिच्यापाशी थांबल्या, खाली वाकून हात लावू का म्हणाल्या. त्यांचं घर आता सून सजवतेय, आणि त्यांच्या बहिणीचंही ठरतंय. पुण्याच्या साहेबांना तिनं नाही म्हणून कळवलं. आता तर ती माझ्यापेक्षा पक्की झालीय. काल मी पिठलं केलं, तिनं दोनदा मागून घेतलं आणि म्हणते, "आई, अगदी टाकाऊ झालंय हो, कुणी फुकट दिलं तरी घेऊ नये." परवा गच्चीत कपडे वाळत घालताना म्हणाली, "काय हे ऊन, काय ही धूळ, असल्या गावात कोण राहील!" आणि गाणं गुणगुणत खाली गेली. मी तिथेच उभी राहून ओल्या चादरीत तोंड लपवून हसले.

आणि आज खांदेमळण. संध्याकाळी माय म्हणाली, लोणी आण, हळद आण. सून घाबरली, "आजी, डाग पडेल!" माय म्हणाली, "पडू दे. बैल दारात असून खांदा कोरडा ठिवायचा व्हय?" ती मानेजवळ बसली, त्या टकलावर लोणी-हळद चोळली, हळूहळू, जसं काही त्याला दुखतंय. आणि म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." मी तिच्या शेजारी बसले होते. चोळता चोळता ती आपल्याच नादात बोलली, "तुझा बाप असाच बसायचा. तुझं लगीन झाल्यावर रोज सांजच्याला दावणीला जायचा, शेवऱ्याच्या मानेवर हात ठिवून तुझं सांगत बसायचा. लय गुणाची पोर हाय म्हणायचा, घर भरलेलं व्हतं म्हणायचा. शेवरा गेला तर जुवावरच्या त्या कातड्यावर हात ठिवून बोलायचा. मी म्हणलं, आवं बैलाला कामून सांगता, पोरीला सांगा की. तर म्हणला, पाव्हण्यांपुढं इतकी नावं ठिवली तरी नेली की त्येनी. आता ती परक्याच्या दावणीला हाय, आता गोड बोललो तर सासरी जायला तिचा पाय निघायचा न्हाई." आबा, मायच्या हातातली वाटी घेतली आणि उरलेलं लोणी मी चोळलं.

म्हणजे दाराआडून मी जे ऐकलं, ते तुम्ही गिऱ्हाइकाला पळवून लावत होता. इतकी वर्षं मला वाटलं तुम्हाला मी नकोशी होते, आणि तुम्ही बापडे मला विकायचीच नव्हती म्हणून टक्कल दाखवत बसला होता! आता हसू येतंय मला, इतकं हसू येतंय की अक्षर हलतंय.

मघाशी मुलगा आणि सून मायला घेऊन मारुतीला गेले, तुमचे जावई त्यांच्यामागे पिशवी घेऊन गेले. घरात मी एकटीच. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि आता ते पाठवायची गरजही राहिलेली नाही. कारण लिहायला बसायच्या आधी मी हॉलमध्ये गेले होते. त्या मानेजवळ बसले, लोण्यानं ओल्या झालेल्या जागेवर हात ठेवला आणि शेवऱ्याला तुमच्याबद्दल सांगितलं. बराच वेळ सांगत होते. एकही नाव ठेवलं नाही.